हेडमास्तरांच्या पत्रापलीकडचा लिंकन: युद्ध त्याने जिंकलं की ग्रँटने?

नदीकाठचा (धागाकर्ता)

लिंकन म्हटलं की आपल्याकडे तीन गोष्टी निघतात: लाकडी खोपटातला जन्म, गुलामगिरीचा अंत आणि हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र. त्यातली तिसरी त्याची नाहीच. त्याचा पत्रव्यवहार खंडच्या खंड छापून झालाय, त्यात हे पत्र कुठेही नाही. पण धागा त्यावर नाही.

प्रश्न अमेरिकेच्या यादवी युद्धाचा. या माणसाचा लष्करी अनुभव म्हणजे १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात काही आठवडे स्वयंसेवक तुकडीची कप्तानी. प्रत्यक्ष लढाई नाहीच, रक्त सांडलं ते डासांपायी, असं तो स्वतःच म्हणायचा. ४ मार्च १८६१ ला शपथ घेतली तेव्हा दक्षिणेची सात राज्यं फुटलेली आणि सैन्य जेमतेम १६,०००, तेही बहुतेक पश्चिमेच्या ठाण्यांवर विखुरलेलं. चार वर्षांनी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला.

माझं मत: लिंकन राजकारणी म्हणून थोर, पण युद्ध जिंकलं ते कारखाने, रेल्वे आणि लोकसंख्येने. दक्षिणेच्या ११ राज्यांत ९० लाख लोक, त्यातले ३५ लाख गुलाम. उत्तरेत सीमेवरची राज्यं धरून सव्वादोन कोटींच्या आसपास. वर १८६४ मध्ये सरसेनापती म्हणून ग्रँट मिळाला. त्याआधी तीन वर्षं नुसता सेनापतींचा खांदेपालट. दुसरा कुणी राष्ट्राध्यक्ष असता तर नेमकं काय बिघडलं असतं? सुभाषितं नकोत, घटना सांगा.

तारमास्तर

तारघरापासून सुरुवात करू. व्हाइट हाउसमध्ये तारेची जोडणी नव्हती. शेजारच्या युद्धखात्याच्या इमारतीत तारघर होतं आणि लिंकन बहुधा रोज, लढाई चालू असली की रात्र रात्र, तिथे जाऊन बसायचा. आलेल्या तारांच्या प्रती एका खणात ठेवत, नवी सगळ्यात वर. तो वरून वाचत जायचा आणि आधी वाचलेली तार हाताला लागली की म्हणायचा, 'आता मनुक्यांपर्यंत पोचलो.' (संदर्भ एका लहान मुलीच्या अजीर्णाचा. जेवताना वाचू नये म्हणून इथेच थांबतो.)

महत्त्वाचं हे की सेनापतीने स्वतःच्या हाताखालच्यांना पाठवलेल्या तारासुद्धा त्याच्या नजरेखालून जात. म्हणजे अहवालात रंगवलेलं चित्र आणि मैदानावरची स्थिती यांतला फरक त्याला त्याच दिवशी दिसायचा. याआधीच्या कुठल्याही अमेरिकी अध्यक्षाला ही सोय नव्हती. त्या तारघराच्या नोकरशाहीत तो शिकला म्हणा हवं तर.

तिरकस

म्हणजे 'शेवटचं पाहिलं' बघणारा पहिला साहेब. सेनापतींची काय अवस्था झाली असेल!

सह्यकडा

तारमास्तर, तारेचं कौतुक मान्य, पण तारेवरून युद्ध चालवताना तो आपटलाही आहे. मे १८६२, शेनँडोआ खोरं. दक्षिणेच्या स्टोनवॉल जॅक्सनने उत्तरेच्या बँक्सला उत्तरेकडे पिटाळलं. लिंकनने वॉशिंग्टनमधून नकाशा पाहून सापळा रचला: पश्चिमेकडून फ्रीमाँटने हॅरिसनबर्गला उतरायचं, पूर्वेकडून मॅकडॉवेलने स्ट्रासबर्गच्या बाजूला यायचं आणि जॅक्सनची परतीची वाट तोडायची. कागदावर बरोबर. प्रत्यक्षात फ्रीमाँट डोंगरातले खराब रस्ते आणि रसद यांचं कारण देत भलतीकडेच, मूरफील्डला गेला. २७ मेला लिंकनची तार: तुम्हाला हॅरिसनबर्गला जायचा स्पष्ट हुकूम होता, तुम्ही मूरफील्डला दिसता, याचा अर्थ काय? १ जूनच्या सुमारास जॅक्सन दोन्ही फौजांच्या मधून सटकला.

चूक कशात होती? तीन स्वतंत्र फौजा, तीन सेनापती, मैदानावर तिघांचा मिळून एक वरिष्ठ नाही. मार्चमध्ये लिंकननेच मॅकलेलनला सरसेनापतिपदावरून काढलं होतं आणि त्या जागी कुणालाच नेमलं नव्हतं. समन्वय करायला उरले कोण, तर एक वकील आणि एक युद्धमंत्री. शिवाय मॅकडॉवेलची फौज रिचमंडकडे जायची होती, ती या भानगडीत अडकली. जॅक्सनला तेवढंच हवं होतं.

नदीकाठचा

सह्यकडा, हेच म्हणतोय मी!

तारमास्तर

पूर्ण सहमत, पण पुढचं पाहा. या फजितीनंतर जुलै १८६२ मध्ये त्याने हॅलेक या सेनापतीला आणून सरसेनापती केलं. हॅलेक निर्णय घ्यायला कचरतो हे दिसल्यावर त्याला न काढता कामच बदललं. १८६४ मध्ये ग्रँट सरसेनापती झाला तेव्हा हॅलेक 'चीफ ऑफ स्टाफ' झाला: ग्रँट मैदानात मीडच्या फौजेसोबत, हॅलेक वॉशिंग्टनमध्ये बसून इतर सगळ्या विभागांच्या तारा ग्रँटकडे आणि ग्रँटचे हुकूम विभागांकडे पोचवणार. १८६२ मध्ये नेमकी हीच जागा रिकामी होती.

विषय निघालाय तर सांकेतिक तारांची पद्धतही सांगतो, फार कमी ठिकाणी नीट वाचायला मिळते. अ‍ॅन्सन स्टेजरने बसवलेली ही पद्धत अक्षरं बदलत नाही, शब्दांची जागा बदलते.

आधी नावं आणि महत्त्वाचे शब्द बदलायचे. अध्यक्ष म्हणजे 'अ‍ॅडम', कर्नल 'व्हीनस', रिचमंड 'नेपच्यून', विक्सबर्ग 'ओडिसी'. वेळेलाही शब्द, दुपारचे साडेचार म्हणजे 'नेली'. मग मजकूर चौकटीत आडव्या ओळींनी लिहायचा, समजा सात ओळी, पाच स्तंभ. शेवटची घरं उरली तर निरर्थक शब्दांनी भरायची. मग स्तंभ ठरलेल्या वाटेने वाचून तार पाठवायची: पहिला खालून वर, दुसरा वरून खाली, मग पाचवा वर, चौथा खाली, तिसरा वर. प्रत्येक स्तंभ संपला की एक फालतू शब्द घुसवायचा. तारेचा पहिला शब्द म्हणजे किल्ली. कोणती चौकट आणि कोणती वाट ते त्यावरून कळायचं.

फायदा काय? मोर्सवर पाठवताना निरर्थक अक्षरांची माळ असली की चुका होतात आणि एक अक्षर चुकलं की पुढचं सगळं बिघडतं. इथे सगळे शब्द खरेखुरे, त्यामुळे तारवाल्याच्या कानाला चूक लगेच कळते. आणि किल्लीची पुस्तकं नागरी तारवाल्यांच्याच ताब्यात, सेनापतींनाही मिळत नसत. यावरून एकदा ग्रँटशीच वाजलं होतं. दक्षिणेला ही पद्धत फोडता आली नाही.

गाजरपारखी

दंडवत घ्या. 'किसिंग व्हीनस' असे शब्द शेजारी शेजारी आलेली तार पकडून दक्षिणेच्या अधिकाऱ्यांनी काय तर्क केले असतील!

अनुस्वार

मॅकलेलनवर कुणी बोलत कसं नाही? या माणसाने फौज उभी केली हे खरं. बुल रनच्या (२१ जुलै १८६१) पळापळीनंतर कवायत, रसद, तोफखाना सगळं त्यानेच बसवलं. पण ती फौज वापरायची म्हटलं की पोटात गोळा. शत्रू नेहमी त्याच्या हिशेबात दुप्पट. मार्च १८६२ मध्ये सेंटरव्हिलची ठाणी रिकामी सापडली, तेव्हा ज्या 'तोफां'ना इतके महिने घाबरत होते त्यातल्या बऱ्याच काळे रंगवलेले ओंडके निघाले.

अँटिएटमच्या लढाईनंतर (१७ सप्टेंबर १८६२) ली हातातून निसटला आणि हे साहेब जागचे हलेनात. १३ ऑक्टोबरला लिंकनने लिहिलेलं पत्र मुद्दाम वाचा. त्यात भूमिती आहे: तुम्ही रिचमंडला शत्रूपेक्षा जवळ आहात. त्याचा रस्ता वर्तुळाचा कंस आहे, तुमचा जीवा. रस्ते तुमचेही तितकेच चांगले. मग तो पोचतो आणि तुम्ही नाही, असं का? नवशिक्याचं लेखन आहे का हे? उत्तरादाखल तक्रार आली की घोड्यांच्या जिभांना फोड आलेत आणि घोडे थकलेत. त्यावर लिंकनची तार प्रसिद्धच आहे: माफ करा, पण अँटिएटमनंतर तुमच्या घोड्यांनी असं केलंय काय, की ते थकावेत?

५ नोव्हेंबरला बदलीचा हुकूम निघाला.

तिरकस

घोड्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलं नव्हतं, म्हणून रजा नामंजूर.

सनदी

अनुस्वार, तारीख बघा. ५ नोव्हेंबर म्हणजे न्यूयॉर्कसह बऱ्याच राज्यांची मतदानं ४ तारखेला आटोपल्यावर लगेच. मॅकलेलन डेमोक्रॅटांचा लाडका. आधी काढला असता तर मतं गेली असती. पूर्ण युद्धभर सेनापतींच्या नेमणुका आणि निवडणुकांचं पंचांग शेजारी ठेवून वाचायला हवं.

दुसरं, गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा. लोक म्हणतात, अगदीच रुक्ष, जप्तीच्या नोटिशीसारखा. तो तसाच असायला हवा होता. शांततेच्या काळात एखाद्या राज्यातली गुलामगिरी बंद करायचा अधिकार राज्यघटनेने अध्यक्षाला दिलेला नव्हता. लिंकनने वाट काढली ती सरसेनापती या नात्याने: शत्रूच्या मुलुखातले गुलाम खंदक खणतात, शेती करतात, म्हणून त्यांची मुक्ती ही लष्करी गरज. पण हा आधार घेतला की त्याच्या मर्यादाही आल्या. जिथे बंड नाही तिथे लष्करी गरज नाही. म्हणून केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर बाहेर. टेनेसी अख्खं बाहेर. लुइझियानातले १३ परगणे आणि पश्चिम व्हर्जिनियाचे ४८ धरून व्हर्जिनियातले ५५ तालुके नावानिशी वगळलेत. हे सगळे घातले असते तर मुख्य न्यायाधीश टॉनीच्या हातात कोलीत दिल्यासारखं झालं असतं. कृष्णवर्णीयांना नागरिकच न मानणारा ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल त्यानेच दिला होता.

वेळेचं गणितही तसंच. २२ जुलै १८६२ ला मंत्रिमंडळात मसुदा वाचला. परराष्ट्रमंत्री सीवर्ड म्हणाला, आत्ता काढाल तर हरणाऱ्याचा आक्रोश वाटेल, एखादा विजय येऊ द्या. दोन महिने मसुदा तसाच पडून. अँटिएटमनंतर पाच दिवसांनी, २२ सप्टेंबरला प्राथमिक जाहीरनामा, १ जानेवारी १८६३ पासून अंमल. परिणाम: जवळपास १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या फौजेत. नदीकाठचा, तुम्ही लोकसंख्येचा हिशेब मांडलात ना? तो हिशेब बदलणारा निर्णय हा. दुसरा अध्यक्ष असता तर हा घेतला असता का, एवढंच विचारा.

रोखठोक

आरती चालू आहे, मध्येच थोडं विरजण.

एक, त्या सैनिकांना पगार किती? गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना १० आणि त्यातून कपड्यांचे ३ कापून ७. समान वेतनाचा कायदा जून १८६४ मध्ये. काही पलटणींनी तोवर पगारच नाकारला.

दोन, २७ एप्रिल १८६१ ला फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन पट्ट्यात हेबियस कॉर्पस (अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क) स्थगित. संसदेला न विचारता. टॉनीने मेरिमन प्रकरणात हे बेकायदा ठरवलं, लिंकनने निकाल बाजूला ठेवला. संसदेची मान्यता मिळाली ३ मार्च १८६३ ला, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी.

तीन, मिनेसोटातले डकोटा आदिवासी. १८६२ च्या उठावानंतर लष्करी आयोगाने ३०३ जणांना फाशी सुनावली. काही खटले तर काही मिनिटांचे. लिंकनने कागद मागवून बहुतेकांची फाशी थांबवली, पण २६ डिसेंबर १८६२ ला मॅन्काटोला ३८ जण एकाच वेळी लटकवले. अमेरिकेतली एका दिवसातली सर्वात मोठी सामूहिक फाशी. आणि हे जाहीरनाम्याच्या अंमलाच्या सहा दिवस आधी.

सनदी

रोखठोक, तिन्ही मुद्दे खरे. फक्त तिसऱ्यात एक जोड: लिंकनने कसोटी लावली ती लढाईत भाग घेणारे वेगळे आणि नागरिकांची कत्तल वा बलात्कार करणारे वेगळे अशी. नावांची यादी स्वतःच्या हाताने लिहिली, कारण नावं सारखी होती आणि तारेत चूक झाली तर भलताच माणूस जाईल. मिनेसोटातून दबाव सगळ्यांना फाशी देण्याचा होता. पण त्या खटल्यांना वकील नव्हते, हेही नोंदवायला हवं.

हिशेबनीस

पैशाचं कुणी काढलं नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा आयकर नव्हता. ऑगस्ट १८६१ चा कायदा: वर्षाला ८०० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर ३ टक्के. पुरेना. फेब्रुवारी १८६२ मध्ये १५ कोटी डॉलरच्या हिरव्या नोटा, मागे सोनं नाही, पण सक्तीचं चलन. पुढे मर्यादा ४५ कोटींवर. मग जे कुक नावाच्या बँकरने ६ टक्क्यांचे रोखे गावोगावी दलाल नेमून किरकोळीत विकले. परिणाम: उत्तरेत चार वर्षांत महागाई सुमारे ८० टक्के. दक्षिणेने कर टाळून नोटाच छापल्या, तिकडे हजारो टक्के.

यात लिंकनचं श्रेय किती? धोरण खजिनामंत्री चेसचं. एक डॉलरच्या नोटेवर चित्रही चेसचंच. पुढची अध्यक्षीय निवडणूक त्यालाच लढायची होती, खिशाखिशात फुकट प्रचार! लिंकनला हे दिसत होतं, पण काम होतंय तोवर चालवून घेतलं. जून १८६४ मध्ये चेसने पुन्हा एकदा राजीनाम्याची धमकी दिली, तेव्हा मंजूर करून टाकला. आणि डिसेंबरमध्ये त्यालाच सरन्यायाधीश केलं. टॉनी वारला होता. नोटा आणि मुक्ती या दोन्हींचे खटले पुढे ज्या कोर्टात जायचे, तिथे.

कापूसवेचणी

अवांतर, पण आपल्याशी थेट संबंध आहे. १९ एप्रिल १८६१ ला लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. किनारा ३,५०० मैल, हाताशी जहाजं मोजकी, त्यामुळे पहिल्या वर्षी जाळं फाटकंच. तरी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपला कापूस आखूड धाग्याचा, कचरा-माती मिसळलेला. भाव चढल्यावर भेसळ इतकी वाढली की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापूस भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. वऱ्हाड-खानदेशातून माल येई तो बराचसा बैलगाड्यांवर. नागपूरला रेल्वे पोचली १८६७ मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यावर.

आलेला पैसा गेला कुठे? बॅक बे भरावाच्या आणि त्यासारख्या कंपन्यांच्या शेअरमध्ये. प्रेमचंद रायचंद हे त्यातलं सर्वात मोठं नाव. एप्रिल १८६५ मध्ये ली शरण आला, ती बातमी मुंबईला पोचली आणि कापूस कोसळला. जुलैत वायदे पुरे करायची वेळ आली तेव्हा बाजार बसला, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

विदर्भकन्या

कापूसवेचणी +१. आणि आपल्याकडची दुसरी नोंद: १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. एका नेत्याला नाही, लोकांना. हे मला फार बोलकं वाटतं.

तिरकस

जोतीरावांचं अस्सल पान सोडून शाळांनी भिंतीवर काय लावलं, तर न लिहिलेलं पत्र.

नदीकाठचा

चर्चा उत्तम, पण मूळ प्रश्न सुटलेला नाही. मुक्ती, पैसा, तार सगळं मान्य. रणनीती कुणाची? १८६४ ची योजना ग्रँटची होती की नाही?

सह्यकडा

मी वर टीका केली, म्हणून हे उत्तर मीच देतो.

१३ जानेवारी १८६२ ला, म्हणजे ग्रँटचं नाव कुणाला माहीत व्हायच्या आधी, लिंकनने ब्युएल या आपल्या सेनापतीला लिहिलं: आपल्याकडे संख्या जास्त, शत्रूकडे एका जागी जमायची सोय जास्त. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी दाब द्या. एकीकडची फौज त्याने दुसरीकडे हलवली की रिकाम्या जागी घुसा. सेनापतींनी हे हसण्यावारी नेलं, कारण पुस्तकात फौज एकवटणं लिहिलेलं, पसरणं नाही. पुढे १० जून १८६३ ला हूकरला: तुमचं खरं लक्ष्य रिचमंड नाही, लीची फौज आहे.

आता ग्रँटची मे १८६४ ची योजना बघा. मीड लीवर, शर्मन अटलांटाकडे, बटलर जेम्स नदीतून वर, सिगल शेनँडोआत, बँक्स मोबिलवर, सगळे एकदम. तीच कल्पना. ग्रँटने समजावून सांगितली तेव्हा लिंकन खूश होऊन म्हणाला, ज्याला कातडं सोलता येत नाही त्याने निदान पाय तरी धरावा. फरक इतकाच की लिंकनकडे कल्पना होती, ती राबवणारा माणूस नव्हता. आणि तो शोधायला तीन वर्षं लागली, याचं कारण सेनापती मैदानात कसा वागतो हे मैदानात उतरवल्याशिवाय कळत नाही. बर्नसाइडने फ्रेडरिक्सबर्गला एका दिवसात १२,००० वर माणसं गमावली. नेमताना ते कपाळावर लिहिलेलं नव्हतं.

अनुस्वार

याला जोडून: विक्सबर्ग पडल्यावर १३ जुलै १८६३ ला ग्रँटला पत्र, तुमच्या मोहिमेबद्दल माझा अंदाज चुकला, तुमचा बरोबर होता. दुसऱ्याच दिवशी मीडला कडक पत्र, गेटिसबर्गनंतर लीला नदीपार जाऊ दिलंत म्हणून. ते पाठवलंच नाही, पाकिटावर 'सही केली नाही, पाठवलं नाही' अशी नोंद करून ठेवून दिलं. मीड नाराज होऊन गेला असता तर त्या घडीला दुसरा कोण होता?

नदीकाठचा

ब्युएलचं पत्र माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग सांगा, योजना इतकी स्पष्ट होती तर त्या पाचांत बटलर, सिगल, बँक्स हे तिघे काय म्हणून? तिघेही मैदानात कच्चे हे १८६२-६३ मध्येच दिसलं होतं.

सनदी

पंचांग काढा परत. बँक्स हा प्रतिनिधिगृहाचा माजी सभापती. सिगलमागे जर्मन स्थलांतरितांची मतं. बटलर मूळचा डेमोक्रॅट, युद्धाला पाठिंबा देणाऱ्या डेमोक्रॅटांचा मोठा चेहरा. ८ नोव्हेंबर १८६४ ला निवडणूक, समोर उमेदवार खुद्द मॅकलेलन. २३ ऑगस्टला तर लिंकनने आपण बहुधा हरणार असं लिहून, कागद दुमडून मंत्र्यांच्या न वाचता सह्या घेतल्या होत्या.

सह्यकडा

आणि किंमत पडली ती अशी: बँक्स रेड रिव्हरवर अडकला, मोबिलला गेलाच नाही. सिगल १५ मे रोजी न्यू मार्केटला हरला. बटलर बर्म्युडा हंड्रेडच्या भूशिरात कोंडला गेला. पाचांतले तीन पाय सुटले आणि लीला कुमक मिळत राहिली. ग्रँटच्या मोहिमेत मे-जूनमध्ये ५५,००० च्या आसपास मारले, जखमी किंवा कैद झाले, त्यातला काही वाटा या नेमणुकांच्या खात्यावर टाकावाच लागतो. २ सप्टेंबरला शर्मनने अटलांटा घेतलं नसतं तर ही चर्चा आपण मॅकलेलन अध्यक्षांवर करत असतो.

सनदी

बँक्सच्या डोक्यावर मे महिन्यात कॅन्बीला बसवलं, सिगलला जुलैत बाजूला केलं. बटलरला काढायचा प्रयत्न ग्रँटने जुलैतच केला होता, जमलं नाही. मतं मोजून झाली, इलेक्टोरल मतं २१२ विरुद्ध २१. डिसेंबरात बटलर फोर्ट फिशरला फसला आणि जानेवारी १८६५ मध्ये ग्रँटने पुन्हा मागणी केली. या वेळी हुकूम लगेच निघाला.